भागूला दिलेला शब्द

नूतन ही माझ्या थोरल्या बहिणीची सून. तिच्याविषयी थोडं लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण मला लिहायची सवय नाही आणि लिहिलेलं नीट उतरेल याची खात्रीही नाही. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

बहीण म्हणजे कोंडाबाई, आमची आक्का. जुन्नर तालुक्यात मढच्या पुढं, डोंगराच्या अंगाला तिची वाडी आहे. भात, नाचणी, थोडी वरई. बायको गेल्यावर मी आक्काकडं राहायला आलो, तो राहिलोच. पडवीत माझी खाट असते. आक्काचे यजमान कुशाबा, म्हणजे दाजी, मला अजूनही 'पाव्हणं' म्हणतात. पाहुण्यानं घरातल्या गोष्टीत किती बोलावं हे मला कधीच नीट कळलं नाही, म्हणून मी बोलत नाही.

नूतन ओतूरला दातांच्या दवाखान्यात कामाला जाते. ती सायन्सला बारावी झाली. नर्स व्हायचं होतं, तेवढ्यात लग्न ठरलं. तिचा नवरा नवनाथ पिकअप चालवतो. भाजी भरून कल्याणच्या बाजूला जातो आणि बहुतेक दिवस बाहेरच असतो. नूतन पहिल्यांदा दवाखान्यात झाडलोटीला लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला हळूहळू खुर्चीजवळ उभं केलं. आता ती हत्यारं घासून, पुसून, पाकिटात घालून वाफेच्या यंत्रात लावते. डॉक्टरीणबाईंना काय लागणार हे ओळखून ते हातात देते. पेशंटच्या तोंडात साठलेली लाळ नळीनं ओढून घेते.

त्या लाळेवरून घरात सगळं अडायचं. आक्काला उष्ट्याचं फार. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला पेला ती राखेनं दोनदा घासते. तिची सून दिवसभर परक्यांच्या तोंडात हात घालून येते, हे तिच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. नूतन आली की आक्का ओट्यावरूनच म्हणायची, "आली बया उष्टी तोंडं धुऊन. आंघूळ केल्याबिगर माठाला हात लावू नगं."

"हातमोजे असतात, आत्याबाई. वर साबणानं हात धुते."

"मोजं हाताला. मनाला कुठं मोजं असत्यात?"

यावर दाजी हसायचे. नूतन आंघोळीचं पाणी तापवायची.

तिला घरात मनातलं बोलायला मीच होतो. ती पडवीत भाजी निवडायला बसली की दातांचं सांगायची. दवाखान्यात टाकून दिलेला प्लॅस्टरचा एक जबडा तिनं आणला होता, तो माझ्या खाटेखाली ठेवलेला असे, कारण आक्कानं तो घरात येऊ दिला नाही. त्यावर बोट ठेवून ती सांगायची, "मामा, हे वरचं पांढरं कवच. अंगातलं सगळ्यात कडक. त्याखाली पिवळसर थर, आणि आत नस. कीड म्हणतात ती जिवंत काही नसते. खाल्लेलं दातात अडकून राहतं, त्यावर जंतू वाढतात, त्यांच्या आंबटपणानं कवच विरघळतं. ते नसेपर्यंत पोचलं की ठणका."

मी माझे उरलेसुरले दात तिला दाखवायचो. त्या घरात ती फक्त माझ्याच तोंडात डोकावू शकायची. आक्का तर बोलतानासुद्धा पदर ओठावर धरायची. भाजलेल्या तंबाखूची मिशरी ती लहानपणापासून लावत आली आहे. दात काळे पडलेले, हिरड्या खाली सरकलेल्या, हे लांबूनही दिसायचं. पण सुनेनं सासूचं तोंड बघायचं ही गोष्ट नुसती काढली तरी आक्का उठून जायची.

गेल्या वर्षी भात कापून झालं आणि आक्काची डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. ती सांगत नव्हती, पण जेवताना सगळा घास उजवीकडं घ्यायची आणि मिशरीची चिमूट दाढेशी दाबून बसायची.

"आत्याबाई, उद्या माझ्यासंगं चला ओतूरला," नूतन म्हणाली. "डॉक्टरीणबाई नुसतं बघतील."

"बघत्याल आन् उपटत्याल. डाव्या दाढेची शीर डोळ्याला असती, ठावं हाय का तुला?"

"नसते, आत्याबाई."

"तर! लई शिकली."

आमच्या ओढ्यापलीकडं भागू राहते. म्हातारी बाई, एकटी. दाढेची कीड काढते. डोरलीच्या, म्हणजे काटेरिंगणीच्या वाळल्या बिया तुपात कालवायच्या, पाण्याच्या ताटात दगडावर लाल तापलेला लोखंडाचा तुकडा ठेवून त्यावर टाकायच्या, वर भोक पाडलेलं गाडगं पालथं घालायचं. भोकात बोरूची नळी. ती तोंडात धरून धूर घ्यायचा. थोड्या वेळानं गाडगं उचललं की ताटातल्या पाण्यात पांढऱ्या बारीक अळ्यांसारखं काही तरंगत असतं. ती दाढेतली कीड. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या लोक ती धुरी घेत आले आहेत, मीही तरुणपणी घेतली आहे.

नूतननं एकदा हे घरामागं करून बघितलं होतं. मी शेजारीच बसलो होतो. तिनं बिया लोखंडावर टाकल्या, गाडगं घातलं, नळीला कुणीच तोंड लावलं नाही. गाडगं उचललं तर पाण्यात तशाच पांढऱ्या अळ्या. "बी तडकून आतला कोंब बाहेर उडतो," ती म्हणाली. मी बराच वेळ ताटाकडं बघत राहिलो. ही गोष्ट आम्ही घरात सांगितली नाही. तिनं फक्त नळावर सखूबाईला, आमच्या शेजारणीला, एवढंच म्हटलं की धुरीवर भरवसा ठेवू नका.

आक्का भागूकडं जाऊन धुरी घेऊन आली. पानात बांधून त्या अळ्याही आणल्या, सुनेला दाखवायला. आणि नवल म्हणजे दुसऱ्या दिवशी ठणका थांबला. आक्का अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "सखू, ए सखू! एका धुरीत गेलं बग. आन् आमच्या डाक्टरीणबाई मला खुर्चीत निजवायला निघाल्या व्हत्या."

दाजी म्हणाले, "सूनबाई, तुझ्या बाईला सांग, भागूला कामाला ठेव म्हनावं. निम्मी हत्यारं कमी व्हत्याल."

सगळे हसले. नूतनही ओठातल्या ओठात हसली. पण संध्याकाळी ती माझ्या खाटेशी येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं प्लॅस्टरचा जबडा उलटा धरला.

"मामा, दुखणं असं एकदम थांबलं हे मला आवडलं नाही. पू हाडात कोंडलेला असतो तोवर ठणकतं. हाड फोडून तो बाहेर पडला की दाब जातो, दुखायचं थांबतं. पण मग तो जातो कुठं?" तिनं शेवटच्या दाढांच्या मुळांवर बोट ठेवलं. "इथली मुळं आतल्या अंगानं लांब खाली जातात. जिभेखाली जो स्नायूचा पडदा असतो, त्याच्याही खाली. इथला पू गालात येत नाही. गळ्यात उतरतो. जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते."

"मग सांग ना तिला."

"कुणाला सांगू, मामा?"

मी आक्काला म्हटलं, एकदा दाखव. ती म्हणाली, "तू बी तिच्याच ताटातला झालास का?"

पुढं जबड्याखाली सूज आली. आक्कानं वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायला सुरुवात केली. नूतन म्हणाली, "शेकू नका, पसरेल." आक्कानं पाठ फिरवली. नूतननं नवनाथला फोन केला. आमच्याकडं फोनला रेंज फक्त वरच्या आंब्याखाली मिळते, तिथं जाऊन केला. तो म्हणाला, मी आलो की बघू, आईला उगाच चिडवू नको. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल तर माझ्याकडंसुद्धा आणू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. नूतन त्या दिवसापासून कामावर गेली नाही. सासूचं तोंड बघता येत नव्हतं, म्हणून ती बाकी सगळं बघत राहिली. चहाचा पेला किती रिकामा होतो, पदर कुठं ओला होतो, आवाज कसा येतो.

भाताच्या झोडणीचा दिवस होता. खळ्यावर माणसं लावलेली, दाजी सकाळपासून तिकडंच. दुपारी आक्का चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. नूतननं चहा दिला. आक्कानं घोट घेतला आणि तो तसाच पदरात गेला. ती काहीतरी म्हणाली. शब्द तोंडात गरम घास असल्यासारखे आले, मला काही कळलं नाही.

नूतन जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, "आत्याबाई, जीभ बाहेर काढा. मी जवळ येत नाही. इथूनच बघते."

आक्कानं मान हलवली.

"मग जरा आडव्या व्हा."

आक्कानं त्यालाही मान हलवली, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत हट्ट नव्हता. तिला आडवं होता येत नव्हतं. हनुवटीखालचा भाग दोन्हीकडून टणक भरून आला होता आणि ती नाकानं मोठमोठ्यानं श्वास ओढत होती.

नूतन खळ्यावर पळाली. मी मागून पोचलो तोवर तिचं सांगून झालं होतं.

दाजी पेंढी खाली न ठेवताच बोलत होते. "आज खळं उघडं टाकून कुटं जाऊ? नवनाथ येऊ दे, सकाळी नेऊ."

"दादा," नूतन सासऱ्यांना म्हणाली, "सकाळपर्यंत थांबता येणार नाही. गाडी बोलावते, फुकट येते."

"बलाव. दारातून माघारी धाडीन. माणसं काय म्हनत्याल, एका दाढंसाठी ॲम्ब्युलन्स? मागं भागूनं कीड काढली, आता सूज बी भागूच उतरवंल. तिला बलाव फार तर."

झोडणीच्या माणसांतलं कुणीतरी हसलं. नूतन तिथंच उभी राहिली. तिला इतकी अडकलेली मी कधी पाहिली नव्हती. ती बरोबर सांगत होती, आणि ती सांगत होती म्हणूनच कुणी ऐकत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण दाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी घरी बसा."

नूतन वळली. मला वाटलं घरी निघाली. ती ओढ्याकडं निघाली होती. मीही काठी टेकत गेलो.

भागू दारात नाचणी पाखडत होती. नूतननं तिला वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. जीभ, गिळणं, आडवं होता न येणं. भागू ऐकता ऐकता पाखडायची थांबली.

"माझ्या घरी चला, मावशी. दादांना सांगा, हे तुमच्या हातचं नाही म्हणून. तुमचं ऐकतील."

"आन् उद्या कोंडाबाईचं बरंवाईट झालं तर? लोकं म्हनत्याल, भागूच्या धुरीनं मारली."

"तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी."

भागूनं तिच्याकडं नीट पाहिलं. "तूच आणशील. नळावर सखूला काय म्हनलीस ते माझ्या कानावर हाय. धुरीवर भरवसा ठिवू नगा. व्हय ना? माझी आई करायची, आजी करायची. म्या म्हातारीनं आता काय भांडी घासाय जायचं?"

भागू उठून आत गेली आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली.

"भंडारा उचल. धुरीबद्दल पुन्यांदा कुनापाशी वाकडं बोलणार न्हाई म्हन. मग येते."

आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. नूतन दवाखान्यात शिकलेली असली तरी याच मातीतली आहे. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. पलीकडं आक्का श्वास ओढत बसली होती. नूतननं हळद चिमटीत घेतली, भागूनं सांगितलं तसं म्हणाली आणि कपाळाला लावली.

भागू तिच्या वयाच्या मानानं भराभर चालली. घरी येऊन आक्कासमोर उकिडवी बसली, हनुवटीखाली बोटं लावली आणि लगेच काढून घेतली. दाजींना खळ्यावरून बोलावलं.

"कुशाबा, कीड म्या काढली. ह्ये येगळं हाय. ह्ये मानंत उतारलंय. माझा हात न्हाई हितं. आत्ताच्या आत्ता ने, नाय तर मला बोल लावू नगं."

दाजींचा चेहरा उतरला. "एवढं हाय व्हय?"

"सून कवाधरनं सांगती, आयकू येत न्हाई का तुला?" भागू म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

नूतन तोवर फोन करायला आंब्याकडं पळाली होती. गाडी येईपर्यंत ती आक्काच्या पाठीशी बसून राहिली, तिला पुढं झुकवून, छातीला टेकवून. लाळ गळत होती. नूतन ती आपल्या पदरानं पुसत होती. आक्कानं एकदा तिचा हात झटकला. नंतर श्वास अडकला तसा तोच हात घट्ट धरला आणि गाडीत चढेपर्यंत सोडला नाही.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तिच्या गळ्याला दोन्हीकडून चिरा देऊन पू काढला, नळ्या घातल्या, श्वासासाठी पुढून भोक पाडलं. दाढही काढली. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाट पूर्ण बंद झाली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी नूतनला सांगितलं. ते तिनं घरी सांगितलं नाही. मला सांगितलं.

आक्का परत आली ती बारीक होऊन, गळ्याला रुमाल बांधून. लोक बघायला यायचे. आक्का घोगऱ्या आवाजात प्रत्येकाला सांगायची, "भागूनं वळकलं म्हनून वाचले." दाजींनी भागूला नवं लुगडं आणि नव्या भाताचं पोतं दिलं. भागू आली की नूतन तिला चहा करून द्यायची. भागू तिच्याकडं न बघता चहा प्यायची.

ओतूरला खोली घेऊन राहायचं नवनाथ आणि नूतनचं ठरत आलं होतं. आता आईकडं कोण बघणार, असं नवनाथ म्हणाला, आणि ते खरंच होतं. आक्काचा जबडा आखडला होता. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या काड्या एकावर एक सरकवून तो रोज थोडा थोडा उघडायचा व्यायाम होता. तो नूतनच करून घ्यायची. दार लावून, कुणाला दिसू न देता आक्का सुनेपुढं तोंड उघडायची. बाहेर आली की पदर परत ओठावर. आंघोळीशिवाय माठाला हात लावायचा नाही, हेही पूर्वीसारखंच राहिलं.

उन्हाळा लागताना सखूबाई गाल धरून आमच्या ओट्यावर आली.

"कोंडाबाई, लई ठणकतंय गं. काय करू?"

"भागूकडं जा," आक्का म्हणाली. "माझी कीड पडलीच की. सूज येगळी व्हती."

सखूबाईनं नूतनकडं पाहिलं. "तू मागं काय तरी म्हनत व्हतीस गं धुरीचं?"

नूतन तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मग सूप बाजूला ठेवून ती उठली आणि म्हणाली, "चला, मी येते तुमच्यासंगं."

मीही गेलो. मला राहवलं नाही.

भागूनं लोखंड तापवलं, बिया टाकल्या. सखूबाईनं नळी तोंडात धरली. धुरानं तिचे डोळे वाहायला लागले. नूतन तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. भागूनं गाडगं उचललं आणि ताट नूतनपुढं सरकवलं.

"पडली का न्हाई? सांग तिला."

पाण्यात ते पांढरं तरंगत होतं. नूतननं ताटाकडं पाहिलं.

"पडली," ती म्हणाली.

सखूबाईनं हात जोडले. नूतन तिच्या जवळ सरकली. "पण मावशी, कीड गेली तरी तिचं बीळ दाढेत राहिलंय. ते मोकळं ठेवलं की परत भरतं. उद्या सकाळच्या गाडीनं माझ्यासंगं ओतूरला यायचं, बीळ बुजवून घ्यायचं. दुखणं रात्रीतून थांबलं तरी यायचं. थांबलं तर जास्तच यायचं."

सखूबाईनं भागूकडं पाहिलं. भागू फडक्यानं लोखंड पुसत होती. "जा," ती म्हणाली. "बीळ बुजवायचं माझ्याकडं न्हाई."

परत येताना सखूबाई पुढं गेली. ओढ्याच्या दगडांवरून मला हाताला धरून नेताना नूतन म्हणाली, "मामा, असं अजून किती जणांना 'पडली' म्हणायचं मी?"

शब्द दिला नसता तर आक्का आज नसती, एवढंच मी स्वतःला सांगतो. नूतनला ते सांगायची गरज नाही, तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सकाळी मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. सखूबाई फाट्यावर आधीच येऊन उभी होती, पदर गालाशी धरून. दुखायचं थांबलंय, म्हणाली, तरी आले. नूतननं तिची पिशवी घेतली आणि दोघी गाडीत चढल्या.